दुकानात भरपूर, डोंगरावर दुर्मिळ: कोष्ठाची गोष्ट

काळबादेवी, भुलेश्वर किंवा दादरच्या एखाद्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन 'कोष्ठ द्या' म्हटलं, तर बहुतेक वेळा लगेच पुडी बांधून मिळते. गुजराती दुकानदार त्यालाच उपलेट म्हणतो, मोहम्मद अली रोडवरचा अत्तार कुस्त म्हणतो. पुडीत असतात मुळांचे वाळके तुकडे. रंग करडा-तपकिरी, अंगावर उभ्या खोल सुरकुत्या, हाताला कठीण. जून मूळ असेल तर मधला गाभा झडून पोकळ झालेला दिसतो. तुकडा मोडला की आतून फिकट निघतो आणि वास सुटतो, आधी गोडसर, मग उग्र. तो बोटांवर बराच वेळ राहतो. चव कडवट. मराठी घरांत कोष्ठ-कोळिंजन ही जोडी पूर्वीपासून औषधाच्या डब्यात असायची, वैद्यांच्या कितीतरी औषधयोगांत कोष्ठ असतं, आणि उदबत्ती-धुपाच्या धंद्यातही त्याला मागणी असते.

ज्या डोंगरात हे झाड आपलं आपण उगवतं, तिथे मात्र ते इतकं कमी झालं आहे की धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसं होणं. दुकानात पोत्याने आणि डोंगरावर जवळजवळ नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायचं तर आधी हे झाड कोण आहे ते पाहावं लागेल.

कोष्ठ हे सूर्यफुलाच्या कुळातलं. या कुळाला शास्त्रात ॲस्टरेसी म्हणतात, आणि जगभरात त्याच्या ३२,००० च्या आसपास जाती आहेत. ऑर्किडचं कुळ सोडलं तर फुलझाडांत एवढं मोठं कुटुंब दुसरं नाही. दादरच्या फुलबाजारातले झेंडू आणि शेवंती, डोंगरउतार पिवळे करणारी सोनकी, केसांच्या तेलातला माका, रिकाम्या प्लॉटवर माजणारं गाजरगवत, हे सगळे याच घरातले. कुळाची खूण झेंडूवर सहज पाहता येते. माळेतला एक झेंडू घ्या आणि त्याची एक पाकळी चिमटीत धरून अलगद ओढा. पाकळीच्या तळाशी एक बारीक काडीसारखा भाग सुटून येतो. गॅलरीत झेंडू लावणाऱ्यांच्या तो ओळखीचा असतो, कारण वाळला की तेच बी. पाकळीगणिक स्वतंत्र बी निघतं, याचा अर्थ ती पाकळी नव्हेच, ते एक पूर्ण फूल आहे. आपण ज्याला एक झेंडू म्हणतो तो अशा अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात.

सूर्यफुलात ही चिमुकली फुलं दोन तऱ्हेची असतात. कडेला पाकळीसारखी लांब, मध्ये नळीसारखी बारीक. कोष्ठाच्या स्तबकात कडेची लांब फुलं नसतातच, सगळी नळीसारखी. करडईचं फूल जवळून पाहिलेल्याला कोष्ठाचं फूल ओळखीचं वाटेल, कारण करडई ही त्याची जवळची नातेवाईक आहे. फरक रंगाचा आणि अंगाचा. कोष्ठाचे गेंद गडद जांभळे असतात आणि शेंड्याला दोन-चार एकत्र धरतात. झाड माणसाच्या उंचीचं, कधी दोन मीटरपर्यंतही जातं. बुडाची पानं प्रचंड, देठासकट हातभर लांब. टोकाला मोठं त्रिकोणी पातं आणि खाली देठाच्या दोन्ही बाजूंनी पंखांसारखी झालर. झाड बहुवर्षायू असल्यामुळे दर हिवाळ्यात वरचा भाग मरतो, बर्फ वितळलं की त्याच मुळातून पुन्हा फुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये फुलतं, त्यानंतर बिया पिकतात आणि पिसासारख्या तंतूंच्या झुपक्यावर वाऱ्याबरोबर जातात. झाडाचा पुढच्या वर्षीचा सगळा जीव त्या मुळात साठवलेला असतो. बाजाराला हवं असतं तेही मूळच.

आता नावाकडे येऊ, कारण या झाडाच्या संरक्षणाचा बराचसा भाग नावावर उभा आहे.

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला आडनावासारखा, जवळच्या नातेवाइकांच्या एका गटाला मिळून एकच. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. एखाद्या जातीचा दुसरा भाग कोणता धरायचा याचा नियम सरळ आहे: रीतसर वर्णनासह जे नाव आधी प्रसिद्ध झालं ते टिकतं. आडनाव मात्र बदलू शकतं, कारण ही जात खरी कोणत्या घरातली याबद्दलची समज संशोधनाबरोबर बदलत जाते.

कोष्ठाच्या बाबतीत दोन माणसं जवळजवळ एकाच काळात त्याच डोंगरात फिरली. त्यातला एक फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जाकमाँ. १८३१ मध्ये त्याने काश्मीरमध्ये वनस्पती गोळा केल्या आणि पुढे दक्षिणेकडे येत येत तो पुणेमार्गे आपल्या भागात पोचला. साष्टीच्या रानात फिरताना तो आजारी पडला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईतच वारला. वय ३१. त्याचे नमुने आणि टिपणं पॅरिसला गेली, आणि १८४० च्या दशकात देकेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांवरून या झाडाला 'ॲप्लोटॅक्सिस लॅपा' असं नाव दिलं. दुसरा ह्यू फाल्कनर. तो सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. बाजारात शतकानुशतकं विकली जाणारी ही सुगंधी मुळं नेमकी कोणत्या झाडाची, हे काश्मीरमध्ये प्रत्यक्ष झाड पाहून त्याने पक्कं केलं आणि १८४१ मध्ये 'ऑकलँडिया कोस्टस' हे नाव प्रसिद्ध केलं. 'ऑकलँडिया' हे तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या सन्मानार्थ.

पुढे संशोधकांनी हे झाड 'सॉसुरिया' या मोठ्या गटात घातलं आणि शंभर-सव्वाशे वर्षं जग त्याला 'सॉसुरिया लॅपा' म्हणत राहिलं. आयुर्वेदाच्या पुस्तकांत आणि औषधाच्या बाटल्यांवर आजही बऱ्याचदा तेच छापलेलं सापडतं. १९६४ मध्ये लिपशिट्झ या रशियन शास्त्रज्ञाने आधी कोण या नियमावर बोट ठेवलं. फाल्कनरचं 'कोस्टस' आधीचं, म्हणून नाव झालं 'सॉसुरिया कोस्टस'. सॉसुरिया गटात चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातली एक आपल्याला ऐकून माहीत असते: उत्तराखंडचं राज्यपुष्प, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ. मुंबईच्या गॅलरीत पावसाळ्यात रात्री फुलणारं पांढरं 'ब्रह्मकमळ' हे अमेरिकेकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं झाड. त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही.

गोष्ट इथे थांबत नाही. डीएनए तपासल्यावर दिसलं की कोष्ठ हे सॉसुरियापेक्षा 'डोलोमिया' नावाच्या लहान गटाशी जवळचं आहे, म्हणून २०२० मध्ये भारतीय संशोधकांनी त्याला 'डोलोमिया कोस्टस' असं नाव दिलं. चीनचा औषधकोश अजूनही ऑकलँडिया हे आडनाव वापरतो. थोडक्यात, वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी नावं असलेलं हे एकच मूळ आहे, आणि न्हावा-शेवाला कंटेनर उघडून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ही सगळी नावं ठाऊक असावी लागतात. कायद्याच्या यादीत एक नाव, पेटीवर दुसरं, बिलात तिसरं, अशा फटीतून माल निसटू शकतो. वर्गीकरण म्हणजे प्रयोगशाळेतल्या लोकांचा नावं बदलण्याचा खेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग दोनदा वाचावा, इतका मला तो महत्त्वाचा वाटतो.

नावाचा अजून एक गोंधळ तर आपल्या अंगणातला आहे. 'कोस्टस' हेच नाव लिनियसने १७५३ मध्ये एका पूर्ण वेगळ्या गटाला देऊन ठेवलं होतं. त्याच कुळातला आपला पेवा पावसाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाहायला मिळतो. गोलगोल चढत गेलेली पानं, लाल कणसातून निघणारी पांढरी, कागदासारखी फुलं. पेवा आल्याच्या नात्यातला, कोष्ठ करडईच्या नात्यातलं. तरी नावामुळे पेव्याचे कंद कोष्ठ म्हणून खपवले गेल्याची उदाहरणं औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांनी नोंदवलेली आहेत. हिमालयातलं पुष्करमूळ हे तर कोष्ठाच्याच कुळातलं, वाळल्यावर दिसायलाही जवळचं, त्यामुळे तेही कोष्ठात मिसळलं जातं.

हे झाड उगवतं कुठे? रानटी अवस्थेत ते सापडतं काश्मीर आणि त्याला लागून असलेल्या वायव्य हिमालयात: किशनगंगेचं खोरं, गुरेझ, किश्तवाडकडचे उंच भाग, आणि सीमेपलीकडचा काही पट्टा. उंची साधारण २,५०० ते ४,००० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज यावा. त्यातही कुठेही नाही. झाडांची रेषा संपत येते तिथले ओलसर, मोकळे उतार त्याला लागतात, हिवाळाभर बर्फाखाली असणारे आणि उन्हाळ्यात ओल टिकवणारे. नकाशावर रंग भरायचा तर पट्टा मोठा दिसेल, पण प्रत्यक्षात झाडं त्या पट्ट्यात ठिपक्याठिपक्यांनी उरली आहेत. ठिपके लहान झाले आणि एकमेकांपासून लांब गेले की मधमाश्यांनी एका ठिपक्यातले पराग दुसऱ्यात नेणं थांबतं, आणि प्रत्येक ठिपका आपल्यापुरता उरतो. मग एखादी दरड, एखादा कोरडा उन्हाळा किंवा मेंढरांचा एखादा मोठा कळप तेवढा ठिपका पुसून टाकायला पुरतो.

मागणी फार जुनी आहे. अथर्ववेदात कुष्ठ, म्हणजे कोष्ठ, या वनस्पतीला उद्देशून सूक्तं आहेत. तापावरचं औषध म्हणून तिला आळवलं आहे आणि हिमालयात उगवून तू पूर्वेकडच्या लोकांकडे नेली जातेस, असंही म्हटलं आहे. म्हणजे डोंगरातून खाली नेण्याचा व्यवहार तेव्हाही होता. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक नाविकी नोंदीत बेरिगाझा, म्हणजे भरूचहून बाहेर जाणाऱ्या मालात कोस्टसचं नाव येतं. त्याच नोंदीत थोडं पुढे आपल्या कल्याण आणि सोपाऱ्याचेही उल्लेख आहेत. काश्मिरी शाली कसर लागू नये म्हणून या मुळांसोबत बांधून पाठवत. एकोणिसाव्या शतकात हा माल कलकत्ता आणि मुंबई या बंदरांतून चीनला आणि तांबड्या समुद्राकडे जाऊ लागला. चीनच्या देवळांत धूप म्हणून, अरब देशांत औषध म्हणून. काश्मीरच्या महाराजांच्या सरकारला यातून चांगलं उत्पन्न होतं, म्हणून कोष्ठाचा व्यापार सरकारने आपल्या हातात ठेवला आणि संवत १९७८ मध्ये, म्हणजे १९२१ साली, त्यासाठी स्वतंत्र 'कुठ' कायदाच केला (कुठ म्हणजे कोष्ठच). एका रानटी झाडासाठी वेगळा कायदा करावा लागला, यावरून त्या मुळाची किंमत कळते.

पण झाड संपण्याचं कारण नुसती मागणी नाही. हिरड्याची फळं वेचली तरी हिरड्याचं झाड राहतं. कोष्ठाचं मूळ काढलं की झाड गेलं. त्यात मूळ भरतं ते शरद ऋतूत, आणि बिया पिकून उडण्याचा काळही तोच. खणणारा थोडा आधी पोचला तर झाडही जातं आणि त्या झाडाची पुढची पिढीही. रोप बीपासून वाढून मूळ काढण्याजोगं व्हायला शेतातसुद्धा दोन-तीन वर्षं लागतात. थंड, दगडाळ उतारावर त्याहून जास्त. काढण्याचा वेग आणि भरून येण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही, आणि हे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो करार सायटिस नावाने ओळखला जातो, त्यात कोष्ठ १९७५ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आलं आणि १९८५ मध्ये पहिल्यात. पहिलं परिशिष्ट म्हणजे वाघ-गेंड्यांची यादी. रानातून काढलेल्या मालाचा आंतरराष्ट्रीय धंदा पूर्ण बंद, लागवडीचा माल मात्र दाखल्यावर जाऊ शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ ला दुरुस्ती होऊन वनस्पतींचं प्रकरण आलं, आणि सुरुवातीला त्यात अवघ्या सहा नोंदी होत्या. त्यांत घटपर्णी होती, निळा आणि लाल वांडा ही ऑर्किडं होती, आणि कोष्ठ होतं. रानातून उपटणं गुन्हा; लागवड किंवा व्यापार करायचा तर परवाना. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांची फेरमांडणी झाली, संरक्षण कायम राहिलं. यात एक मोठी अडचण अशी होती की ज्या राज्यात हे झाड मुळात उगवतं, त्या जम्मू-काश्मीरला हा केंद्रीय कायदा २०१९ पर्यंत लागूच नव्हता. तिथे राज्याचे स्वतःचे कायदे होते. म्हणजे दुकानाच्या टोकाला एक व्यवस्था आणि उताराच्या टोकाला दुसरी.

मग मुंबईत जे पोत्याने मिळतं ते येतं कुठून? गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कोष्ठाची लागवड हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात सुरू झाली, पुढे गढवालच्या काही उंच गावांत आणि चीनच्या युनानमध्येही. लाहौलमध्ये बटाटा आणि वाटाणा येण्याआधी रोख पैसा देणारं पीक हेच होतं. बाजारातला कायदेशीर माल या शेतांतून येतो. लागवडीने कोष्ठाला वाचवलं असं सांगितलं जातं, आणि ते अर्धं खरं आहे. शेतामुळे औषध तुटलं नाही, रानावरचा बोजाही कमी झाला. पण शेतातली झाडं थोड्या झाडांच्या बियांपासून पुढे वाढत आलेली, माणसाने निवडलेली आणि राखलेली असतात. किशनगंगेच्या उतारावरचं एखादं झाड कुणीही पाणी-खत न घालता हजारो वर्षांच्या थंडी-रोगांतून टिकलेल्या वाणाचं असतं. उद्या शेतातल्या पिकावर मोठा रोग आला तर त्याला तोंड देणारा गुण शोधायला याच उतारांकडे जावं लागेल. दुसरं असं की सुकलेलं मूळ हातात घेऊन ते शेतातलं की रानातलं हे कुणीच सांगू शकत नाही, वैद्य नाही, दुकानदार नाही, कस्टमचा अधिकारीही नाही. फरक फक्त कागदावर असतो. आणि शेतकऱ्याला वाटाण्यात जास्त पैसे मिळू लागले की तो कोष्ठ लावायचं सोडतो, लाहौलमध्ये हे घडलेलंही आहे. मागणी मात्र जागेवर राहते.

म्हणून मुंबईकडे पाहावं लागतं. इथे काष्ठौषधींचा घाऊक बाजार आहे, औषधं, अत्तर, उदबत्ती यांचे व्यापारी आहेत, बंदर आहे, आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचं पश्चिम विभागीय कार्यालय नवी मुंबईत आहे. अभ्यासाची परंपराही आहे. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला वनस्पती-संग्रह ज्यांच्या नावाने आहे, त्या फादर ब्लॅटर यांनी १९२० च्या दशकात काश्मीरच्या फुलांवर दोन खंड लिहिले होते.

घरगुती गिऱ्हाइकासाठी एक काळजीची सूचना: कोष्ठाच्या मुळातल्या तेलाने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. याच कारणासाठी सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अत्तरांत ते तेल वापरायला मनाई केली आहे. तेव्हा ऐकीव माहितीवर लेप लावू नये, वैद्यांना विचारावं. आणि पुडी घेताना माल लागवडीचा आहे का, कुठला आहे, हे विचारायला काहीच हरकत नाही. पाच-दहा ग्रॅमच्या गिऱ्हाइकाने विचारून फार फरक पडणार नाही हे खरं, पण टनाच्या हिशेबाने घेणाऱ्यांनी विचारलं तर पडतो. खरेदीच्या कागदावर 'कोष्ठ' किंवा 'उपलेट' एवढंच न लिहिता सॉसुरिया कोस्टस आणि डोलोमिया कोस्टस ही दोन्ही नावं, लागवडीचा जिल्हा, काढणीचं वर्ष आणि परवान्याचा क्रमांक त्यांनी लिहून घेतला, तर त्या पोत्याचा माग मस्जिद बंदरच्या गोदामापासून लाहौलच्या शेतापर्यंत काढता येतो. ज्या पोत्याचा माग लागणार नाही ते घ्यायचं नाही, एवढं मोठ्या खरेदीदारांनी पाळलं तरी रानातून खणलेल्या मालाला इथे गिऱ्हाईक मिळणं अवघड होईल.